मशीनला हार, सिस्टरला एक तास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकाच्या जिल्हा पानावर एका हॉस्पिटलच्या नव्या अतिदक्षता विभागाच्या उद्घाटनाचा फोटो होता. मधोमध मशीन, त्याला झेंडूचा हार, पुढ्यात फोडलेला नारळ आणि दोन्ही बाजूंना मिळून अकरा माणसं. मी मोजली. डॉक्टर, संचालक, एक माजी नगरसेवक, मशीन देणाऱ्या कंपनीचा टाय लावलेला मुलगा. किडनी बंद पडलेल्या अत्यवस्थ पेशंटला आता पुण्याला हलवावं लागणार नाही, चोवीस तास चालणारं डायलिसिस इथंच होईल, अशी बातमी. वाचून बरंच वाटलं. फक्त त्या अकरा जणांत सिस्टर एकही नव्हती, आणि मशीन चोवीस तास चालवायचं ते तिनंच.

फोटोचं सोडा. असल्या कार्यक्रमात आम्ही पेढ्यांचा बॉक्स धरून मागं उभ्या असतो, त्याची सवय आहे. मी त्या बातमीत शोधत होते ते वेगळंच. हे मशीन ज्या मुलींच्या हातात देणार, त्यांना शिकवलं किती? माझा अंदाज एक तास. आमच्याकडे तेवढाच मिळाला होता.

मी कोल्हापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलात बावीस वर्षं आहे, त्यातली नऊ वर्षं आयसीयूची इन्चार्ज म्हणून. नाव छापू नये ही विनंती. नोकरी अजून करायची आहे.

ज्यांच्या घरात कुणी डायलिसिसवर आहे त्यांना चार तासांचं डायलिसिस माहीत असतं. आठवड्यातून दोन-तीनदा जायचं, चार तास पडून राहायचं, घरी यायचं. पण ज्याचं बीपीच औषधाच्या टेकूवर उभं आहे, नॉरॲडचा पंप पाच मिनिटं थांबला तरी जो कोसळेल, त्याला तो वेग झेपत नाही. त्याचं रक्त सावकाश, रात्रंदिवस धुवावं लागतं. याला सीआरआरटी म्हणतात. जर्मनीत गॉटिंगेनला पीटर क्रेमर या डॉक्टरने १९७७ साली ही पद्धत पहिल्यांदा मांडली, तेव्हा पंपसुद्धा नव्हता. धमनीतलं रक्त हृदयाच्याच जोरावर फिल्टरमधून जायचं. आता पंप आहेत, खाली लटकणाऱ्या पिशव्यांचे वजनकाटे आहेत, आणि बोटाएवढ्या जागेत दहा आकडे दाखवणारी स्क्रीन आहे.

हिशेब सांगते म्हणजे कामाचा अंदाज येईल. साठ किलोचा माणूस असेल आणि डॉक्टरांनी किलोमागे तासाला २५ मिली असा धुण्याचा डोस लिहिला, तर तासाला दीड लिटर. दिवसाला ३६ लिटर. पिशवी पाच लिटरची, म्हणजे साधारण सव्वातीन तासांत एक पिशवी रिकामी, आणि तिकडं गाळून निघालेल्या पाण्याची पिशवी भरलेली. त्याशिवाय दर तासाला अंगात गेलेल्या आणि काढलेल्या पाण्याची बेरीज-वजाबाकी. समजा साहेबांनी सांगितलं, तासाला ५० मिली उणे ठेवा. पेशंटला सलाइन, नॉरॲड आणि नळीतून दूध मिळून तासाला ९० जात असेल, तर मशीनने १४० काढायचं. त्याच तासाला १०० मिलीत अँटिबायोटिक गेलं तर २४०. हे विसरलं की पेशंट फुगतो, दोनदा मोजलं की सुकतो. आणि हे सगळं पहाटे साडेतीनला, जेव्हा आपलं स्वतःचं नाव आठवायलाही एक सेकंद लागतो.

२००८ आणि २००९ साली अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये दोन मोठे अभ्यास झाले. डोस वाढवला म्हणून जास्त माणसं वाचली नाहीत, असं दोन्हींत दिसलं. आमचे नेफ्रो सर, म्हणजे किडनीचे डॉक्टर, हे सांगताना म्हणाले, "जास्त धुण्यात अर्थ नाही, ठरलंय तेवढं पोचू दे." ते पोचतं की नाही हे मशीन किती वेळ बंद पडून राहिलं त्यावर ठरतं. मशीन बंद पडलं की पहिली दोन मिनिटं तिथं कोण असतं? सर नसतात. आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचे निवासी डॉक्टर, कॅज्युअल्टीत असतात. सिस्टर असते.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. चार वर्षं झाली त्याला.

ऑगस्टचा महिना, पंचगंगेचं पाणी नुकतंच ओसरलेलं. शिरोळकडचा पन्नाशीचा शेतकरी आला. गुडघाभर चिखलात जनावरं बाहेर काढत होता, आठ दिवसांनी ताप, डोळे पिवळे, लघवी बंद. लेप्टो, म्हणजे पुराच्या चिखल-पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस. प्लेटलेट इतक्या कमी की हेपॅरिन देता येईना, म्हणून रक्त पातळ करणारं काहीच न देता सीआरआरटी लावलं. रक्त ने-आण करणारी लाइन मांडीच्या शिरेत. दुसऱ्या रात्री ड्युटीवर सात महिने जुनी मुलगी होती. हुशार, अक्षर सुंदर, चार्ट आरशासारखा. पहाटे तिनं आणि मावशीनं पेशंटला कुशीवर वळवलं. मांडी दुमडली, लाइनला पीळ बसला, रक्त ओढलं जाईना, पंप थांबला, अलार्म वाजला. तिनं अलार्म गप्प केला. परत वाजला, परत गप्प केला. मग आरएमओला फोन केला. ते खाली एका अपघाताच्या केसमध्ये अडकलेले. पाय सरळ करायचा होता, एवढंच. सात-आठ मिनिटं गेली. तोवर थांबलेलं रक्त फिल्टरमध्ये गोठलं. सर्किटमध्ये दीडशे-दोनशे मिली रक्त असतं, मोठा कपभर. गोठलं की ते पेशंटला परत देता येत नाही, कचऱ्यात जातं. त्या माणसाचं हिमोग्लोबिन आधीच सातवर होतं. नवीन किट, म्हणजे फिल्टर आणि नळ्यांचा संच, पाच आकडी किमतीचं. ते नातेवाइकांच्या बिलात. बाहेर बाकावर बसलेली त्याची बायको सकाळी मला विचारत होती, "ताई, त्ये मशीन रातीचं गप का झालं हुतं?"

तो माणूस वाचला. एकोणिसाव्या दिवशी चालत घरी गेला, दिवाळीत काकवीची बरणी घेऊन आला. मुलगी मात्र गेली. तिच्याकडून लेखी खुलासा मागवला होता. खुलासा दिला आणि पंधरा दिवसांत राजीनामा. आता ती इन्शुरन्सच्या ऑफिसात क्लेम तपासते असं ऐकलं.

खुलाशाच्या फाइलीला एक कागद जोडला होता. 'सीआरआरटी प्रशिक्षण पूर्ण, स्वतंत्रपणे काम करण्यास सक्षम.' खाली सही माझी. प्रशिक्षण काय झालं होतं? कंपनीचा मुलगा दुपारी दोन वाजता आला, प्रोजेक्टर लावला, बटणं दाखवली, समोसे दिले, हजेरीवर सह्या घेतल्या. मीही त्या तासाला होते आणि मीही त्या तासावर सही केली होती. मुलीकडून खुलासा मागितला, माझ्याकडून कुणी मागितला नाही. तो मी आज इथं देते आहे असं समजा.

मुलीच्या त्या खुलाशानंतर महिनाभर मला मशीनच्या बाजूला उभं राहणं नको वाटायचं. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांना हळद-कुंकू आणि झेंडू वाहतो आम्ही, व्हेंटिलेटरपासून सक्शनपर्यंत. त्या वर्षी याला वाहताना मनात आलं की याची पूजा वर्षातून एकदा होते आणि वापर जेमतेम आठ-दहा वेळा. आठ-दहा वेळा! त्यात माझ्याकडच्या अठरा जणींपैकी एकेकीच्या वाट्याला वर्षात एक वेळ येते, एखादीच्या तीही नाही. पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलांत रोज दोन मशीन चालतात, तिथं हात आपोआप बसतो. आमच्यासारख्या ठिकाणी हात बसणार कसा? जे क्वचित करायचं त्याचाच सराव जास्त लागतो. अग्निशामक दलाचे जवान आग लागायची वाट बघत बसत नाहीत.

मग स्टोअरमध्ये गेले. मुदत संपलेली तीन किटं राइट-ऑफच्या खोक्यात पडली होती. स्टोअरकीपरला म्हटलं, फेकू नका, मला द्या. पुढच्या रविवारी दुपारी मशीन रिकामं होतं. कोपऱ्यातल्या बेडवर एक बादली ठेवली, तिच्यात सलाइनची मोठी पिशवी, पिशवीत मिठाईवाल्याकडचा लाल रंग. रक्त ओढणारी लाल नळी आणि रक्त परत देणारी निळी नळी, दोन्हींची टोकं त्या पिशवीला जोडली. बादलीला मुलींनी नाव ठेवलं बादलीआबा. मोठ्या शहरांत लाखांचे पुतळे असतात, छाती वरखाली होते, डोळे मिचकावतात. आमचा आबा काही करत नाही. त्याचं बीपी मी पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहिते आणि वर धरते.

मी पडद्यामागं चिमटा घेऊन उभी राहते. लाल नळी चिमट्यानं दाबली की मशीनला वाटतं पेशंटनं पाय दुमडला. निळी दाबली की दाब दुसऱ्या बाजूला चढतो. पिशवीखाली बोट लावून किंचित उचललं की वजनाचा अलार्म. भरल्या पिशवीचा क्लॅम्प बंदच ठेवून दिला की तोच अलार्म, कारण वेगळं. आमचे वॉर्डातले मामा नातेवाईक होतात. त्यांना नाटकाची आवड, गावच्या जत्रेत वगात काम केलेला माणूस. ते पडदा सारून आत येतात आणि ऐन गोंधळात विचारतात, "सिस्टर, माज्या भावाचं रगात का थांबलंय? मरतोय का काय त्यो?" पहिल्या वेळी मुली हसल्या. दुसऱ्या वेळी त्यांनी आवाज चढवला तेव्हा एकीनं नळीवरचा हात सोडून त्यांना बाहेर काढायला धाव घेतली. पंप बंदच. खऱ्या रात्री अगदी हेच होतं.

पहिल्या रविवारी सहा जणी होत्या. अलार्म वाजल्यावर पाच जणींचं बोट आधी स्क्रीनवर गेलं. एकीचीच नजर आधी नळीच्या मुळाशी, म्हणजे पेशंटकडे गेली. तिला विचारलं तुला कुणी शिकवलं, तर म्हणाली, "आमच्याकडे गोठ्यात दूध काढायचं मशीन आहे. ते थांबलं की आधी म्हशीकडं बघायचं." माझ्या बावीस वर्षांत यापेक्षा चांगला धडा कुणी दिलेला नाही. आता आमच्या आयसीयूत कुठलाही अलार्म वाजला की कुणीतरी हळूच म्हणतं, म्हस बघ.

वजनाच्या अलार्मवर मी जास्त वेळ घालवते, त्याला कारण आहे. काट्यावरची पिशवी बेडला टेकलेली असते, किंवा क्लॅम्प उघडायचा राहिलेला असतो. कारण न शोधता 'चालू ठेवा' दाबलं की मशीन बिचारं चालू होतं, आणि दर वेळी थोडा थोडा फरक पडत जातो. अमेरिकेत असंच पुन्हा पुन्हा बटण दाबल्यानं पेशंटच्या अंगातून प्रमाणाबाहेर पाणी निघून गेलं, माणसं दगावली, आणि तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला २००५ साली त्याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला. तिथल्या सिस्टर आमच्यापेक्षा कमी शिकलेल्या होत्या असं कोण म्हणेल?

पिशव्यांचंही तसंच. या द्रवाच्या पिशवीत बऱ्याचदा दोन कप्पे असतात, मधला जोड दाबून उघडायचा आणि दोन्ही पाणी एक करायचं. घाईत तो जोड उघडायचा राहिला तर पेशंटला अर्धंच औषध जातं, आणि मशीनला ते कळत नाही. त्याच्या लेखी वजन बरोबर आहे. मी मुद्दाम न उघडलेली पिशवी टांगून ठेवते. कॅनडात कॅलगरीला २००४ साली या उपचाराच्या द्रवात सोडियम क्लोराइडऐवजी पोटॅशियम क्लोराइड पडलं आणि दोन पेशंट गेले. तो घोळ औषध तयार करणाऱ्या विभागातला. पण आमच्याकडे पिशवीत पोटॅशियम बेडजवळच घालतात, सिस्टरच घालते, तेव्हा लेबल वाचायची तालीम आम्हालाच हवी. एकीनं मोठ्यानं वाचायचं, दुसरीनं ऐकायचं. सुरुवातीला त्यांना लाज वाटायची, शाळेतल्या कवितेसारखं वाटतं म्हणे.

सर्वात अवघड प्रसंग सायट्रेटचा. रक्तपेढीच्या पिशवीत रक्त गोठू नये म्हणून जे असतं तेच हे. ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं म्हणून फिल्टर टिकतो. पण पेशंटला कॅल्शियम लागतंच, म्हणून ते दुसऱ्या पंपातून परत द्यायचं. म्हणजे एक हात कॅल्शियम काढून घेतो, दुसरा परत देतो. फिल्टरमधून बाहेर पडलेल्या रक्तातलं आयोनाइज्ड, म्हणजे मोकळं, कामाचं कॅल्शियम ०.२५ ते ०.३५ आणि पेशंटच्या अंगातलं १ ते १.२ च्या आसपास, असे दोन आकडे एकाच वेळी सांभाळायचे. आता विचार करा, मशीन काही कारणानं थांबलं. सायट्रेट थांबलं. पण कॅल्शियमचा पंप आमच्याकडे वेगळा आहे, तो चालूच! सहापैकी चार जणींनी तो बंद केला नाही. मी पुठ्ठ्यावर कॅल्शियमचा आकडा वाढवत नेला, त्या मशीनशीच झटत राहिल्या. दुसरा प्रकार लिव्हर खराब असलेल्या पेशंटचा. त्याच्या अंगात सायट्रेटचं विघटन होत नाही, ते साठत जातं. एकूण कॅल्शियम चढताना दिसतं आणि कामाचं कॅल्शियम उतरतं. दोन्हींचा भागाकार अडीचच्या वर गेला की घंटा वाजली पाहिजे, आणि ही घंटा कुठल्या मशीनमध्ये नाही, चार्ट लिहिणाऱ्या मुलीच्या डोक्यात आहे. लेप्टोचे पिवळे पेशंट आमच्याकडे दर पावसाळ्यात येतात. हा प्रसंग पुस्तकी म्हणून सोडून देता येत नाही.

प्रसंग वीस मिनिटांचा, त्यावरचं बोलणं चाळीस मिनिटांचं. हे मला आधी उलटं वाटायचं. मी इन्चार्ज, मला सवय झापायची. पहिल्या रविवारी मी प्रसंग थांबवून मध्येच ओरडले आणि एक मुलगी रडली. मग नियम केला: चालू असताना मी बोलायचं नाही, नंतरही आधी तिनं सांगायचं. "तुला तेव्हा काय दिसत होतं?" एवढाच प्रश्न. उत्तरं ऐकून मी चाट पडले. एक म्हणाली, मला माहीत होतं लाइन बघायला हवी, पण मशीनला हात लावला आणि बिघडलं तर पगारातून कापतील असं वाटलं. दुसरी म्हणाली, रक्त परत द्यायचा निर्णय माझा आहे हेच मला माहीत नव्हतं, मी साहेबांच्या फोनची वाट बघत होते. हे कुठल्या प्रोजेक्टरवर दिसणार? तिसऱ्या रविवारी आमचे इंटेन्सिव्हिस्ट, म्हणजे आयसीयू सांभाळणारे डॉक्टर, सर येऊन मागं उभे राहिले, आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी एका कागदावर लिहून दिलं: लाइनचा पीळ काढणं, पंप पुन्हा सुरू करणं आणि फिल्टर गोठायला लागला तर वेळेत रक्त परत देणं, हे सिस्टरनं विचारायची वाट न बघता करायचं. तो कागद मशीनच्या बाजूला चिकटवला आहे. इतकी वर्षं तो कुणी लिहिला नव्हता, कारण इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा.

फरक पडला का? मी आकडेवारी ठेवणारी बाई नाही आणि आठ-दहा केसेसवरून आकडे काढूही नयेत. एवढं सांगते, गेल्या पावसाळ्यात पहाटे चारला माझा फोन वाजला. म्हटलं झालं काहीतरी. मुलगी म्हणाली, "मॅडम, फिल्टरचा दाब चढत होता, रक्त परत दिलं, नवीन सर्किट प्राइम करतेय, सरांना कळवलंय. तुम्हाला फक्त सांगून ठेवलं." मी परत झोपले. आयसीयूच्या इन्चार्जला याचा अर्थ काय असतो ते दुसऱ्या इन्चार्जलाच कळेल.

बाहुलीवर शिकणं हे काही नवं खूळ नाही. अमेरिकेत हार्टफर्डच्या नर्सिंग शाळेनं १९११ साली माणसाएवढी बाहुली बनवून घेतली होती, मार्था चेस या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंकडून; मुली तिला मिसेस चेस म्हणत. म्हणजे बादलीआबाची ती खापरपणजी. आपल्या भारतीय परिचर्या परिषदेनंही २०२१ साली बी. एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम बदलला तेव्हा त्यात सिम्युलेशन घातलं. घातलं, हे चांगलंच. पण आमच्या ओळखीच्या एका कॉलेजात मी परीक्षक म्हणून गेले होते. काचेच्या खोलीत दोन उत्तम पुतळे, अंगावर प्लास्टिक, दाराला कुलूप. किल्ली प्राचार्यांकडे. मुलींना विचारलं, वापरता का? म्हणाल्या, इन्स्पेक्शन असलं की उघडतात. त्या पुतळ्यांपेक्षा आमची बादली जास्त शिकलेली आहे. आणि कॉलेजातून बाहेर पडल्यावर काय? तिथं शिकलेलं चार वर्षांनी पहाटे साडेतीनला आठवत नाही. शिक्षण ड्युटी जिथं असते तिथंच, त्याच मशीनवर, पुन्हा पुन्हा व्हायला हवं.

आमचे प्रशासक वाईट नाहीत. बादलीचं कळल्यावर त्यांनी कौतुक केलं, वॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो टाकला, टाळ्यांच्या खुणा आल्या. मी म्हटलं, सर, हा वेळ ड्युटीत धरा. ते म्हणाले, बघू. तीन वर्षं बघताहेत. मुली रविवारी स्वतःच्या सुट्टीत येतात. एक नाइट करून येते, दुसरी लहान मूल सासूकडे ठेवून कागलहून बसनं येते, सासू बोलते. मी त्यांना वडा-पाव देते. हे किती दिवस चालणार? प्रेमावर चाललेली गोष्ट प्रेम करणारी माणसं बदलली की बंद पडते, आणि आमच्याकडच्या मुली दोन वर्षांत बदलतात. आखातात जातात, जर्मनीत जातात, सरकारी भरती लागते. जावंच त्यांनी. पण दर वर्षी निम्मा आयसीयू नवा असताना चार वर्षांपूर्वीच्या एका तासावर आम्ही काम कसं ढकलायचं?

केंद्राच्या आयुष्मान भारत पायाभूत सुविधा अभियानातून जिल्ह्याजिल्ह्यांत क्रिटिकल केअर ब्लॉक उभे राहताहेत. चांगलं काम आहे, माझ्या माहेरच्या माणसांना त्याचा उपयोग होईल. तिथंही उद्या ही मशीनं येतील, हार घातले जातील. मशीनच्या निविदेत कंपनीनं प्रशिक्षण द्यावं असं एक वाक्य असतंच. त्या वाक्यात तास लिहा. किती जणींना, किती वेळा, पाण्यावर चालवून की नुसतं पडद्यावर, हे लिहा. दर वर्षी सरावासाठी दोन किटं फुकट द्यावीत हे लिहा. कंपनीला ते जड नाही, मुदत संपलेली ती तरी कुठं विकणार आहेत. जिनं बादलीवर पीळ, वजन आणि सायट्रेट हे तीन प्रसंग पार केले नाहीत तिला रात्री एकटीला या मशीनवर लावायचं नाही, आणि जिला लावलं तिला त्या रात्री दुसरा पेशंट द्यायचा नाही. पैशाचं म्हणाल तर वाया गेलेल्या एका किटच्या किमतीत वर्षभराचे वडा-पाव येतात.

डायलिसिस टेक्निशियन ठेवला की झालं, असं काही डॉक्टर म्हणतात. टेक्निशियन मशीन लावून देतो, त्याचा हात आमच्यापेक्षा नक्कीच सफाईचा. पण तो सहा वाजता घरी जातो. पेशंटचं अंग गार पडतंय, म्हणजे बाहेरून फिरून येणाऱ्या रक्तानं थंडी वाजतेय की ताप त्या थंडीत लपलाय, हे रात्री बेडजवळ उभ्या असलेल्या माणसालाच कळणार.

संपादक महोदय, त्या हॉस्पिटलची बातमी देणाऱ्या आपल्या वार्ताहरांना विनंती, सहा महिन्यांनी परत जावं. मशीन किती पेशंटांना लावलं हे विचाराच, पण रात्रपाळीला जाऊन ड्युटीवरच्या मुलीलाही विचारा की याच्यावर तुझा हात शेवटचा कधी पडला होता.

आणि त्या हॉस्पिटलच्या इन्चार्ज सिस्टर हे वाचत असतील तर त्यांना निरोप: आमची तालीम महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी तीनला असते. माझा नंबर संपादकांकडे ठेवला आहे. चार-पाच मुलींना घेऊन या, मामा नवीन वग बसवताहेत. येताना मुदत संपलेलं एखादं किट असलं तर आणा. आमचं शेवटचं तीनदा वापरून गेल्या महिन्यात फुटलं, आणि बादलीआबा तेव्हापासून लाल पाण्यात नुसताच बसून आहे.

आपली विश्वासू,
आयसीयूतली एक सिस्टर, कोल्हापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे)